न मिटणारा घुमट

विटेच्या एका कोपऱ्याला गाऱ्याचा नखाएवढा तुकडा चिकटून राहिला होता. बाकी वीट स्वच्छ होती. तिच्या अंगावर तारेच्या ब्रशाचे बारीक ओरखडे होते, सगळे एकाच दिशेने, आणि खालची बाजू अजून ओलसर होती. ऋतुजाने वीट दोन्ही हातांनी उचलली, नाकाशी धरली, उलटसुलट करून पाहिली आणि जिथून उचलली होती तिथेच अलगद ठेवून दिली.

"परत पाडलं! ताई, परत पाडलं!" निनाद मागच्या पायरीवरूनच ओरडला. "आता मी त्या वानरांना सोडणार नाही! माझी गुलेल कुठंय?"

"हळू बोल. लोक झोपलेत अजून."

"झोपू देत! आपला ओव्हन गेला!"

ओव्हन गेला नव्हता. परसात पेरूच्या झाडापलीकडे तो होता तसाच उभा होता. खाली कमरेएवढा दगडी चौथरा, चौथऱ्यावर भट्टीच्या विटांची गुळगुळीत फरशी आणि तिच्यावर आत कलत गेलेली गोल भिंत. दुरून पाहिलं तर पालथ्या घातलेल्या करवंटीसारखी दिसायची. फक्त करवंटीचा वरचा भाग कुणीतरी कापून नेलेला. काल संध्याकाळी बाबांनी त्या भिंतीवर विटांचं आणखी एक कडं चढवलं होतं. आज ते कडं नव्हतं. त्याच्या विटा भिंतीशी नीट रचून ठेवलेल्या होत्या, एक थर आडवा, एक थर उभा.

कामावर निघताना बाबा आईला दारातूनच म्हणाले होते, "वानरांनी पाडलं वाटतं पुन्हा." मागच्या आठवड्यातही ते हेच म्हणाले होते, आणि त्याच्या आधीच्या आठवड्यातही.

भोपाळच्या साकेत नगरात वानरं होती, नाही असं नाही. हबीबगंजच्या बाजूने टोळीने यायची, गच्चीवरचे पापड न्यायची, पेरू अर्धवट खाऊन फेकायची. पण विटा पाडून, त्यांच्यावरचा गारा खरवडून, ब्रशाने घासून, धुऊन, रचून ठेवणारं वानर ऋतुजाने अजून पाहिलं नव्हतं.

"निनाद," ती म्हणाली, "वानर ब्रश वापरतं का रे?"

निनादचं तोंड उघडंच राहिलं.

हा ओव्हन म्हणजे साधी गोष्ट नव्हती. ऋतुजाचे बाबा, दिलीप, मंडीदीपच्या एका कारखान्यात भट्टी विभागात इंजिनिअर होते. दिवसभर मोठ्या भट्ट्या सांभाळायच्या आणि घरी येऊन कागदांच्या पाठीवर लहान भट्टीची चित्रं काढायची, हा त्यांचा जुना छंद. लाकडावर चालणारा, विटांचा, खराखुरा पिझ्झा ओव्हन! उन्हाळा लागता लागता त्यांनी एकदाचं काम सुरू केलं, आणि त्याच सुमारास कंपनीने त्यांना विचारलं, पुण्याच्या कारखान्यात मोठ्या जागेवर येता का? घर, गाडी, सगळं मिळेल.

त्या दिवसापासून घरात एकच शब्द राहिला होता. बघू.

नववीची पुस्तकं? बघू. निनादचे बूट अंगठ्याला टोचतायत? जून येऊ दे, बघू. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या वाळून कोळ झाल्या होत्या. त्यांतून गार हवेऐवजी कुबट वासाची गरम फुंकर यायची. नव्या आणायच्या का? इथे राहिलो तर आणू. बघू. मे महिन्यातल्या भोपाळच्या उन्हात, त्या फुंकरीखाली, चौघंही रात्री कूस बदलत पडायची आणि सकाळी उठायची ती दमलेलीच.

शेवटी एका जेवणाच्या वेळी निनादनेच विचारलं, "बाबा, जायचंय की राहायचंय? एकदा सांगून टाका ना!"

बाबांनी बराच वेळ आमटीत चमचा फिरवला. मग म्हणाले, "ओव्हन पूर्ण होऊ दे. त्यातून पहिला पिझ्झा निघाला की त्याच दिवशी सांगतो. शब्द!"

आणि तेव्हापासून घुमट मिटायचं नाव घेत नव्हता.

"क्या हुआ? परत पडला?" कुंपणाच्या भिंतीवरून पिंकीचं डोकं वर आलं. पिंकी शेजारच्या गोपीनाथ आजोबांची नात. घर मूळचं ग्वाल्हेरचं, त्यामुळे तिच्या मराठीत हिंदी असायची की हिंदीत मराठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. "अगं यार, तुम्ही लोक काय करून राहिलात? आजोबा सकाळपासून भडकलेत तुमच्यावर!"

"आमच्यावर? का?"

उत्तर द्यायला आजोबाच आले. पांढरा सदरा, हातात पेपर, कपाळावर आठ्या. "ऋतुजा, बाबाला सांग, काम करायचं तर दिवसा करा! पहाटे पहाटे ते टक-टक, टक-टक! माझ्या झोपेचं पार खोबरं!"

"पण आजोबा, आम्ही पहाटे काम करतच नाही."

"मग काय माझे कान वाजतात?" आजोबा फणकारले आणि पेपर झटकत आत गेले.

पहाटे टक-टक. ऋतुजाच्या घरात ती कुणाला ऐकू येत नव्हती, कारण तो म्हातारा कूलर रात्रभर ट्रॅक्टरसारखा घरघरायचा. म्हणजे कुणीतरी पहाटे छिन्नी-हातोडी घेऊन येत होतं.

"मला आजोबांचाच संशय येतो," निनाद दबक्या आवाजात म्हणाला. "त्यांना धूर आवडत नाही. ते म्हणाले होते, ओव्हन झाला की खिडक्या लावून बसावं लागेल!"

"माझे आजोबा?" पिंकी भिंतीवरून पडता पडता वाचली. "अरे, ते ताटातली मिठाची वाटी नाही उचलत स्वतः! ते विटा उचलणार? आणि धुणार?"

"भांडू नका," ऋतुजा म्हणाली. "पिंकी, तुझ्या लीलावती आजी सदऱ्यांना नीळ घालतात ना अजून? थोडी आणशील?"

शनिवारी संध्याकाळी बाबा पुन्हा घुमटाला लागले. काम करताना ते वेगळेच माणूस व्हायचे. फरशीच्या मधोमध एक खिळा होता, त्याला बांधलेली काठी ते गोल फिरवायचे आणि प्रत्येक वीट त्या काठीच्या टोकाला टेकते की नाही ते वाकून बघायचे. मुलं गारा कालवून देत होती. माती, वाळू, थोडा चुना. बाबा शीळ घालत होते. अंधार पडायच्या आत पडलेलं कडं पुन्हा चढलं, आणि त्याच्यावर आणखी एक, लहानसं.

"अजून थोडंच राहिलं, बाबा!" निनाद म्हणाला.

शीळ थांबली. "हो," बाबा म्हणाले. "थोडंच."

ते हात धुवायला गेले आणि ऋतुजाने फ्रॉकच्या खिशातून पुडी काढली. विटेची भुकटी आणि तिच्यात मिसळलेली नीळ. कोरडी असेपर्यंत ती कुणाच्या नजरेत भरली नसती. पण ओला हात लागला की लपली नसती. तिने ती वरच्या विटांच्या मागच्या अंगाला हलक्या हाताने पुसली, जिथे पाडणाऱ्याचा अंगठा यायलाच हवा होता.

रविवारी सकाळी कडी पडलेलीच होती. विटा रचलेल्याच होत्या. शेजारच्या बादलीच्या तळाशी, विटा धुतलेलं, निळं पाणी होतं.

"चला! बोटं तपासा!" निनाद कुंपणावरून पलीकडे उडी मारून मोकळाही झाला.

गोपीनाथ आजोबा पेपर वाचत होते. बोटं पांढरी, नखं स्वच्छ. "काय रे, माझ्या हातात काय शोधतोस? भविष्य?" पण मागच्या न्हाणीघरातून लीलावती आजी आल्या आणि निनाद किंचाळलाच. आजींची दाही बोटं निळी होती!

"आजी! तुम्ही!"

"अरे वेड्या, कपडे धुऊन राहिली ती!" पिंकीने त्याला धपाटा घातला. "नीळ तिचीच आहे ना!"

हसत हसत, हिरमुसत ते घरी परतले. टेबलावर पोहे होते, त्यावर शेव, आणि नाक्यावरून आणलेल्या गरम जिलब्या. बाबांचे डोळे लाल होते. "वानरांचा काहीतरी बंदोबस्त करायला हवा," ते म्हणाले आणि त्यांनी जिलबी उचलली.

त्यांचा अंगठा निळा होता. नखाच्या कडेला गडद, पेरावरच्या रेषांमध्ये फिकट.

निनादने तोंड उघडलं. ऋतुजाने टेबलाखालून त्याच्या नडगीवर अशी लाथ घातली की त्याचं तोंड तसंच मिटलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

"काय झालं रे?" आईने विचारलं.

"मिरची लागली," निनाद म्हणाला.

बाबांचं लक्ष नव्हतं. ते खिडकीबाहेर ओव्हनकडे बघत होते. "उद्यापासून कारखान्यात शटडाउन आहे," ते म्हणाले. "सगळ्या भट्ट्या बंद करून दुरुस्ती. पहाटे जायचं, अंधार पडल्यावर यायचं. आता काही दिवस ओव्हनचं काम नाही."

हे सांगताना त्यांना सुटल्यासारखं वाटतंय, हे ऋतुजाला स्पष्ट ऐकू आलं.

"बाबा खोटं बोलले!" पिंकीच्या गच्चीवर, टाकीच्या सावलीत, निनादला रडू आवरेना. "वानरं म्हणाले! आपल्याला! आणि रोज आपल्याकडूनच गारा कालवून घेतला!"

"पण का?" पिंकी म्हणाली. "स्वतः बनवायचा, स्वतः तोडायचा. दिमाग खराब झालंय का काकांचं?"

ऋतुजा गुडघ्यांवर हनुवटी टेकून बसली होती. तिलाही राग आला होता. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं. बाबांचे लाल डोळे तिला आठवत होते. दिवसभर भट्टीसमोर उभं राहणारा माणूस पहाटे उठून स्वतःचं काम स्वतः मोडतो, विटा धुतो, रचतो, आणि मग बस पकडायला नाक्यावर जातो. मजा म्हणून असं कुणी करत नाही.

"घुमट मिटला की पिझ्झा निघेल," ती हळूच म्हणाली, "आणि पिझ्झा निघाला की बाबांना बोलावं लागेल. त्यांनी शब्द दिलाय. म्हणून ते मिटू देत नाहीत."

खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडत गेला.

"तुला काय पाहिजे?" पिंकीने विचारलं. "पुणे की भोपाळ?"

"मला राहायचंय," ऋतुजा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "पण जायचं असेल तर तसं सांगू देत. हे मधलं मला नकोय. पुस्तकं नाहीत, बूट नाहीत, कूलर नाही. मी दमलेय गं."

"जाऊन सांगू या का, पकडलं तुम्हाला म्हणून?" निनादने नाक पुसलं.

"नाही. मग ते आणखी एक कारण काढतील." ऋतुजा उठली. "बाबा घुमट मिटवत नाहीत ना? मग आपण मिटवू."

"पागल झालीस!" पिंकी ओरडली. मग तिचे डोळे चमकले. "आपल्याने होऊन जाईल?"

ऋतुजाची आई, कल्पना, शाळेत शिक्षिका होती आणि त्या आठवड्यात तिचं प्रशिक्षण होतं. मुलांवर लक्ष ठेवायचं काम लीलावती आजींकडे आलं. त्यांना कटात घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. "मला मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "तिकडे परसात काय चाललंय ते मला काही दिसत नाही. पण मी तिथेच बसणार. आणि त्या भट्टीत आधी कणकेचे बाफले भाजायचे, तुमचा तो पिझ्झा मागाहून. कबूल?"

"कबूल!" तिघं एका सुरात ओरडली.

बाबांसारखी काठी फिरवून अधांतरी वीट बसवणं आपल्याला जमणार नाही, हे ऋतुजाने आधीच ओळखलं होतं. तिने दुसरा मार्ग काढला. भिंतीच्या आत ओली वाळू भरायची, दाबायची, वर तिचाच गोल डोंगर करायचा. त्या डोंगरावर ओले पेपर पसरायचे आणि पेपरांवर विटा रचायच्या. गारा सुकला की वाळू उकरून काढायची. पेपर दिसले की समजायचं, आता वर वीट आहे, थांबा.

सांगायला सोपं होतं. पण नळाला पाणी एक दिवसाआड यायचं. मग कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी, आंघोळीची बादली, गोपीनाथ आजोबांच्या कुंड्यांचं पाणी, सगळं वाळूत गेलं. ऊन चढलं की चौथऱ्याला हात लावता येत नव्हता. पिंकीच्या तळहाताला फोड आले. निनाद वाळूची पाटी घेऊन येता येता पेरूखाली बसायचा आणि तसाच पेंगायचा.

"ऊठ, मजूर!" पिंकी त्याच्या डोक्यावर पाणी शिंपडायची.

"मजुरांना जेवणाची सुट्टी असते!"

"तू सकाळपासून सुट्टीवरच आहेस!"

पहिलं कडं चढलं. दुसरं चढलं. विटा वाकड्या बसत होत्या, गारा बाहेर ओघळत होता, पण वाळूच्या पोटावर सगळं टिकत होतं. शेवटी वर मधोमध एक भोक राहिलं. तेवढी एक वीट गेली की सगळ्या एकमेकींना आवळून धरणार होत्या.

आणि ती एक वीट काही केल्या बसेना! भोक ना धड गोल, ना धड चौकोनी. छिन्नी मारली की वीट भलतीकडेच फुटायची. एक फुटली, दुसरी फुटली.

"राहू दे," पिंकी जमिनीवर आडवी होत म्हणाली. "काकांची मेहनत वाचली. हे आपोआपच पडेल."

ऋतुजा फुटक्या तुकड्याकडे बघत राहिली. मग तिने एक नवी वीट घेतली आणि चौथऱ्याच्या खरबरीत दगडावर घासायला सुरुवात केली. तांबडी भुकटी झरू लागली. घासायची, भोकावर धरून बघायची, पुन्हा घासायची. खांदे भरून आले, घामाचे थेंब भुकटीत पडून तिथे ठिपके उमटले. वीट थोडी थोडी झिजत होती. ऊन पेरूच्या मागे गेलं तेव्हा कुठे ती भोकात टेकली. आजींनी पदराने डोळे पुसले आणि जरा पुढे वाकल्या. मोतीबिंदूमुळे असावं.

निनादने वरून लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीचा एक हलका ठोका दिला. खप्प! वीट बसली.

कुणी ओरडलं नाही. तिघांनाही तेवढं त्राण उरलं नव्हतं.

त्या रात्री बाबा घरी आले आणि मागच्या पायरीवर बूट काढत बसले. परसात ओव्हनवर ओली पोती होती आणि पोत्यांवर ताडपत्री.

"ताडपत्री कुणी घातली?" बाबांनी विचारलं.

"आम्ही," निनाद साळसूदपणे म्हणाला. "वानरं येतात ना, बाबा!"

बाबा हातात बूट धरून बसून राहिले. मग म्हणाले, "बरं केलंत."

वाळू काढायचा दिवस सगळ्यात वाईट होता. "डोकं आत घालायचं नाही," ऋतुजाने बजावलं. "फक्त हात. निनाद, तुझा हात बारीक आहे. पण मी थांब म्हटलं की थांबायचं."

ओव्हनच्या तोंडातून निनाद छोट्या खुरप्याने वाळू ओढत होता आणि पिंकी ती बाजूला सारत होती. वाळू सुकून मोकळी झाली होती. ती सरसर खाली येत होती. पेपराचा पहिला तुकडा दिसला. मग दुसरा.

तेवढ्यात वरून आवाज आला. कट्!

"थांब! हात बाहेर!"

निनादने हात ओढला. घुमटाच्या डाव्या अंगाची एक वीट सावकाश खाली सरकली. तिच्याभोवतीचा गारा भुरभुरला. लीलावती आजी उठून उभ्या राहिल्या. वीट बोटभर खाली आली, शेजारणींच्या मधोमध तिरकी झाली, आणि अडकली.

त्यानंतर काहीच झालं नाही. एक कावळा ओरडला. ऋतुजाने मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे मोजले. मग काठीने घुमटाला हळूच टोचलं, मग जोरात. मग काठी टाकून दोन्ही तळहातांनी दाबलं.

"उभा आहे," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

आता तिघं ओरडली! इतकी ओरडली की गोपीनाथ आजोबा पेपर टाकून धावत आले आणि कट उघडा पडला. आजोबांनी घुमटाभोवती एक फेरी मारली. "म्हणजे पहाटेची टक-टक दिलीपची होती? आणि मी या पोरांना बोललो!" त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आता काय करायचं राहिलंय ते सांगा. हाताखाली एक माणूस वाढला समजा."

ओल्या विटांखाली एकदम मोठा जाळ केला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन घुमट तडकतो. म्हणून आधी मूठभर काटक्या, दुसऱ्या दिवशी थोड्या जास्त, असं ऋतुजाने बेताबेताने नेलं. शेजारी आजी पाण्याची बादली घेऊन पहाऱ्याला. विटांना घाम फुटायचा, त्यांतून पांढरी वाफ निघायची. एका रात्री बाबा दारातच थबकले. "धुराचा वास येतोय?"

"मी पाला जाळला," भिंतीपलीकडून आजोबा म्हणाले. "खिडक्या लावून बसा!"

शटडाउन संपला त्या रविवारी बाबा दुपारभर मेल्यासारखे झोपले. इकडे परसात बाभळीची वाळलेली लाकडं धडधडून पेटली. घुमट आतून काजळीने काळाकुट्ट झाला, आणि मग विटा तापल्या तशी काजळी जळत गेली. काळ्याचं पांढुरकं झालं. ऋतुजा याचीच वाट बघत होती. आता ओव्हन तयार होता.

घरात आई उठली होती. परसात येऊन तिने ओव्हन पाहिला, मुलांचे फोड आलेले हात पाहिले, आणि काहीही न विचारता ती पीठ मळायला बसली. आधी आजींचे बाफले निघाले. मग ऋतुजाने निखारे एका बाजूला सारले आणि पिझ्झा आत सरकवला. तो गोल नव्हता. त्यावर सिमला मिरची होती, पनीर होतं आणि निनादच्या हट्टाने रतलामी शेव.

"हे काय आहे?"

बाबा मागच्या दारात उभे होते. केस विस्कटलेले, डोळे अर्धे मिटलेले. ते अनवाणीच चालत आले. त्यांनी घुमटाकडे पाहिलं. त्यांची नजर एकेका कड्यावरून वर चढत गेली आणि मधल्या विटेवर थांबली.

"ही कुणी बसवली?"

"ताईने," निनाद म्हणाला. "घासून घासून!"

बाबांचा हात डाव्या अंगाशी गेला. "इथे वीट बोटभर खाली आलीय."

"हो," ऋतुजा म्हणाली. "वाळू काढताना सरकली, मग तिथेच अडकली. वाकडा आहे, बाबा. पण उभा आहे."

पिझ्झा फुगला होता, कडा जळू लागल्या होत्या. ऋतुजाने तो लांब दांड्याच्या उलथन्याने बाहेर ओढला आणि चौथऱ्यावर ठेवला. कुणीच त्याला हात लावला नाही.

"बाबा," निनाद म्हणाला, "वानराचा अंगठा निळा होता."

बाबांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. नीळ कधीच गेली होती. तरी ते पाहत राहिले. मग चौथऱ्याच्या कडेला, गरम दगडावर, तसेच बसले.

"तू पाडत होतास?" आईने विचारलं.

"दर वेळी वाटायचं, जरा चुकलंय. काठीला टेकत नाहीये. पाडून नीट करू." त्यांनी मान हलवली. "चुकलं नव्हतं. मिटला की बोलावं लागणार होतं. पोरांशी खोटं बोललो मी. ऋतुजा, निनाद, माझं चुकलं."

"दिलीप," गोपीनाथ आजोबा म्हणाले, "तुझ्या भट्ट्या तूच जाण. पण या तिघांनी भर उन्हात जे केलं ते माझ्यासारख्याला जन्मात जमलं नसतं. शाबास रे पोरांनो!" आजींनी तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. पिंकीने फोड आलेले हात मागे लपवले. मग विचार बदलून सगळ्यांना दिसतील असे पुढे धरले.

"मला विचारायचंस ना," आई बाबांना म्हणाली.

"विचारलं होतं. तू म्हणालीस, तू म्हणशील तसं."

"दमले होते रे. म्हणून म्हणाले. मला नाही जायचं इथून."

बाबांनी मान वर केली. "नाही म्हटलं तर इथे माझ्या हाताखालचा प्रकाश माझा साहेब होईल. मीच शिकवलाय त्याला. आणि ती मंडीदीपची बस आहेच, रोजची."

"मग?" आई म्हणाली.

बाबांनी पिझ्झ्याचा तुकडा मोडला. चटका बसला, तरी खाल्ला. शेव त्यांच्या दाढीच्या खुंटांत अडकली.

"कूलरच्या ताट्या फार जुन्या झाल्यात," ते म्हणाले. "उद्या बदलून टाकू."

निनाद उडी मारणार होता. ऋतुजाने त्याचा दंड धरला.

"हे उत्तर नाही, बाबा," ती म्हणाली. "पहिला पिझ्झा निघालाय. तुम्ही शब्द दिला होतात."

ओव्हनमध्ये एक लाकूड फुटलं. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या वाकड्या, उभ्या घुमटाकडे.

"आपण पुण्याला जात नाही," बाबा म्हणाले. "आपण इथेच राहायचं."